ड्रमच्या मागचा आवाज

१९७५ साली लंडनच्या 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली. 'जेनेसिस'च्या धाटणीचं संगीत करणाऱ्या एका बँडला गायक हवा आहे, असा तिचा आशय. बँडचं नाव दिलेलं नव्हतं, कारण जाहिरात देणारे खुद्द 'जेनेसिस'च होते. सुमारे चारशे अर्ज आले. त्यातल्या निवडक मंडळींना तालमीच्या खोलीत बोलावणं गेलं. येणाऱ्या प्रत्येकाला गाण्याची चाल शिकवायची जबाबदारी बँडचा ड्रमर फिल कॉलिन्स याच्याकडे होती. तो आधी स्वतः गाऊन दाखवी, मग उमेदवार गाई. बरेच आठवडे हे चाललं. शेवटी कुणीच मनासारखा मिळाला नाही आणि कॉलिन्स स्वतः मायक्रोफोनसमोर उभा राहिला. फेब्रुवारी १९७६ मध्ये 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा अल्बम बाजारात आला. गायकाविना बँड बुडणार असं ज्यांनी गृहीत धरलं होतं, त्यांचा अंदाज तिथेच चुकला.

रॉकच्या इतिहासात ही हकिगत बहुधा नशिबाची म्हणून सांगितली जाते. सगळीकडे शोधलं आणि हवा तो माणूस घरातच सापडला, अशी. मला मात्र यात नशिबाचा भाग फार थोडा दिसतो. पाच वर्षं कॉलिन्सचा आवाज 'जेनेसिस'च्या गाण्यांत होताच, फक्त तो ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलेला नव्हता. हा अल्बम का जमला हे समजून घ्यायचं असेल, तर आधी या बँडमध्ये गाणं तयार कसं होई ते पाहायला हवं.

'जेनेसिस'ची सुरुवात १९६७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या 'चार्टरहाउस' या निवासी शाळेत झाली. गायक पीटर गेब्रियल, कीबोर्डवादक टोनी बँक्स, बास आणि गिटार वाजवणारा माइक रदरफर्ड आणि गिटारवादक अँथनी फिलिप्स हे तिथले विद्यार्थी. फिलिप्स १९७० मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी कॉलिन्स आला आणि १९७१ च्या आरंभी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट. ही पाच जणांची जुळणी पुढे चार वर्षं टिकली आणि 'नर्सरी क्राइम', 'फॉक्सट्रॉट', 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' हे अल्बम तिने दिले.

ते वाजवत ते संगीत 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने ओळखलं जातं. तीन मिनिटांच्या, धृपद आणि कडव्यांच्या ठरीव साच्याला या लोकांनी रजा दिली. एकेक रचना दहा-दहा, वीस-वीस मिनिटं चाले. 'फॉक्सट्रॉट'मधली 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांच्या आसपास जाते. मध्येच लय बदले, मात्रांचे हिशेब बदलत, बारा तारांच्या गिटारी आणि मेलोट्रॉन यांतून जवळजवळ वाद्यवृंदाचा भास उभा राही. शब्दांत दंतकथा असत, पुराणं असत, विज्ञानकथाही असत. अशा संगीतात गायकाच्या वाट्याला येणारं काम वेगळं असतं. रचना बहुतेक वेळा वाद्यांवर आधी बांधली जाते आणि गळा तिच्यात नंतर शिरतो. कित्येकदा पाच-सहा मिनिटं गायकाला काही कामच नसतं.

त्या रिकाम्या मिनिटांत रंगमंचावर करायचं काय, या प्रश्नाला गेब्रियलने शोधलेलं उत्तर म्हणजे वेशभूषा. सप्टेंबर १९७२ मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात तो बायकोचा लाल झगा घालून आणि डोक्यावर कोल्ह्याचा मुखवटा चढवून अवतरला. सोबतच्या चौघांना त्याने आधी काहीही सांगितलं नव्हतं. त्या कोल्ह्याचं छायाचित्र 'मेलडी मेकर'च्या पहिल्या पानावर झळकलं आणि बँडचा भाव चढला. मग वटवाघळाचे पंख आले, फुलाच्या पाकळ्या आल्या, जख्ख म्हाताऱ्याचा मुखवटा आला. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात तो विचित्र गोष्टी रचून सांगे, कारण बाराबारा तारांच्या गिटारी जुळवायला वेळ लागायचा. वृत्तपत्रांना लिहायला आयता विषय मिळाला. त्याचा परिणाम असा झाला की, 'जेनेसिस' म्हणजे गेब्रियल आणि बाकीचे चौघे साथीदार, असं चित्र लोकांच्या मनात पक्कं झालं.

हे चित्र खरं नव्हतं. गाण्यांच्या चाली आणि बांधणी यांत बँक्सचा वाटा प्रचंड होता, रदरफर्डचाही मोठा होता. शब्दसुद्धा एकट्या गेब्रियलचे नसत. पण तोवरच्या अल्बमवर सगळ्या रचना पाचही जणांच्या सामायिक नावाने छापल्या जात. समतेच्या भावनेने घेतलेल्या त्या निर्णयामुळे बाकीच्यांचं काम झाकलं गेलं.

१९७४ चा 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दुहेरी अल्बम करताना ताण वाढला. न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या पोर्तो रिकन तरुणाची ती कथा गेब्रियलची होती आणि तिचे शब्द आपणच लिहिणार असा त्याचा हट्ट होता. हँपशरमधल्या 'हेडली ग्रेंज' या जुन्या वास्तूत चौघे एका खोलीत संगीत रचत आणि गेब्रियल दुसऱ्या खोलीत लिहीत बसे. मध्येच 'दि एक्झॉर्सिस्ट'चा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याने त्याला चित्रपटाच्या कल्पनांवर काम करायला बोलावलं, आणि तो काही दिवस निघूनही गेला. त्याच उन्हाळ्यात त्याच्या पहिल्या अपत्याचा जन्म अतिशय अवघड परिस्थितीत झाला. इस्पितळ आणि ध्वनिमुद्रण यांच्यामध्ये तो हेलपाटे घालत होता, आणि सोबत्यांनी त्या वेळी पुरेशी समजूत दाखवली नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं आहे. त्या वेळी ही सगळी मुलं तेवीस-चोवीस वर्षांची होती हे विसरता कामा नये.

नोव्हेंबर १९७४ मध्ये दौरा नुकताच सुरू झाला असताना, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात, गेब्रियलने आपण सोडणार असल्याचं सांगितलं. तरीही ठरलेला दौरा त्याने पुरा केला. सहा महिने, शंभराच्या आसपास कार्यक्रम, दर वेळी तो सबंध दुहेरी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागे तीन पडद्यांवर स्लाइड. 'स्लिपरमेन' या प्रसंगातल्या फोडाफोडांच्या पोशाखात तर मायक्रोफोन तोंडाजवळ नीट नेताच येत नसे आणि गाणं गुदमरून जाई. बाकीच्यांची खरी तक्रार हीच होती, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. मे १९७५ मध्ये फ्रान्समधल्या बझॉंसाँ इथे शेवटचा कार्यक्रम झाला. बातमी ऑगस्टमध्ये फुटली आणि अनेक समीक्षकांनी बँडचा मृत्युलेख लिहून टाकला.

तोवर लंडनच्या पश्चिमेला, ॲक्टनमधल्या एका तळघरात नव्या अल्बमच्या तालमी सुरूही झालेल्या होत्या. हॅकेट स्वतःच्या स्वतंत्र अल्बमचं काम संपवत होता, त्यामुळे पहिल्या दिवसांत बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स हे तिघेच होते. 'डान्स ऑन अ व्होल्केनो'चा सांगाडा भराभर उभा राहिला. हे गाणं सात मात्रांत चालतं. रूपक तालाशी परिचय असलेल्या कानाला सातचा हिशेब नवा नाही. पण इथे गिटारचे आणि ड्रमचे आघात अशा जागी पडतात की सम आली असं वाटतं न वाटतं तोच ती पुढे सरकते. गेब्रियल नसताना पहिल्याच बैठकीत असं काही निघू शकतं, हे कळल्यावर तिघांचाही धीर वाढला.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये लंडनच्या 'ट्रायडेंट' स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. निर्माता म्हणून बँडच्या जोडीला डेव्हिड हेंट्शेल होता. याच स्टुडिओत तो उमेदवारीपासून वाढलेला, आणि एल्टन जॉनच्या 'फ्युनरल फॉर अ फ्रेंड'ची सिंथेसायझरवरची सुरुवात त्याच्याच हातची. या अल्बममध्ये वाद्यं जशी एकमेकांपासून सुटी, स्वच्छ ऐकू येतात तशी 'जेनेसिस'च्या आधीच्या एकाही अल्बममध्ये येत नाहीत. हेंट्शेलच्या त्या कामाबद्दल क्वचितच कुणी लिहितं. 'एन्टँगल्ड'मधल्या बारा तारांच्या गिटारींचा नाद ऐकला की ते श्रेय लगेच पटतं.

आता कळीचा भाग. गायक मिळेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून वाद्यांचे ट्रॅक आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. म्हणजेच प्रत्येक गाण्याची पट्टी ठरून गेली होती. आपल्याकडे गायक बसला की आधी पट्टी विचारतात आणि मग तानपुरे लावतात; इथे पट्टी आधी आणि गायक नंतर. चाचण्यांतून निवडलेल्या एका उमेदवाराला स्टुडिओत बोलावून 'स्क्वाँक' गायला दिलं. माणूस चांगला गाणारा होता, पण ती पट्टी त्याच्या गळ्याला मानवली नाही. आधीच वाजवून ठेवलेली गाणी त्याच्यासाठी खाली-वर करायची तर बरंचसं काम पुन्हा करावं लागणार होतं. तेव्हा कॉलिन्स म्हणाला, मी एकदा प्रयत्न करून पाहतो.

कॉलिन्सला पट्टीची अडचण आली नाही, कारण त्या रचना घडत असताना तो खोलीत होता. ड्रमर या नात्याने प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा त्याच्या अंगात होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९७० पासून गेब्रियलच्या गळ्याच्या बरोबरीने, कधी वरच्या सुरात, कधी नेमक्या त्याच सुरात, तो सतत गात आलेला होता. 'नर्सरी क्राइम'मधलं 'फॉर ॲब्सेंट फ्रेंड्स' हे छोटंसं गाणं एकट्या कॉलिन्सने गायलेलं आहे. 'सेलिंग इंग्लंड'मधलं 'मोअर फूल मी' हेही त्याचंच, आणि कार्यक्रमात तो ड्रम सोडून पुढे येऊन ते गात असे. श्रोत्यांच्या कानात 'जेनेसिसचा आवाज' म्हणून जे साठलेलं होतं, त्यात कॉलिन्सचा अंश आधीपासूनच मिसळलेला होता. म्हणून १९७६ मध्ये नवा आवाज ऐकून लोकांना परकेपणा वाटला नाही. उलट हा तर थेट गेब्रियलसारखा गातो, असं आश्चर्य अनेकांनी व्यक्त केलं.

गंमत म्हणजे कॉलिन्सला स्वतःला हे पद नको होतं. गायक मिळत नसेल तर आपण नुसतं वाद्यसंगीतच करू, असा त्याचा प्रस्ताव होता. त्याचा ओढा त्या काळात जॅझकडे होता. 'ब्रँड एक्स' या फ्यूजन बँडमध्येही तो वाजवत होता. पण त्याच्या गाठीशी आणखी एक गोष्ट होती. १९६४ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, लंडनच्या वेस्ट एंडमध्ये 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकात त्याने आर्टफुल डॉजर या पोरसवदा खिसेकापूची भूमिका केली होती. नव्या अल्बममधल्या 'रॉबरी, असॉल्ट अँड बॅटरी'त त्याने तोच लंडनच्या गल्लीतला चोर जागा केला. मुखवटा न घालता नुसत्या गळ्याने पात्र उभं करता येतं, हे या गाण्यात स्वच्छ दिसतं. मधल्या भागात बँक्सचा कीबोर्ड तेरा मात्रांवर धावतो आणि ती तेराची गंमत कुठेही हिशेबी वाटत नाही.

अल्बममध्ये आठ रचना आहेत. 'स्क्वाँक' हा पेनसिल्व्हेनियाच्या लोककथांमधला प्राणी. आपल्या कुरूपपणाच्या दुःखाने तो सतत रडतो आणि पकडून पिशवीत घातला की स्वतःच्याच आसवांत विरघळून जातो. त्या गाण्याचे वजनदार ड्रम 'लेड झेपलिन'च्या 'काश्मीर'वरून सुचले, हे बँडने मोकळेपणाने सांगितलं आहे. 'मॅड मॅन मून' हे सबंध बँक्सचं. त्यातला पियानो सुंदर आहे, पण मधला भाग मला लांबलेला वाटतो. 'रिपल्स'मध्ये ओसरणाऱ्या रूपाचं दुःख आहे. शीर्षकगीताचं बीज विल्यम गोल्डिंगच्या 'दि इन्हेरिटर्स' या कादंबरीत आहे. शिंगं आणि शेपूट असलेला एक जीव आपलं गाव सोडून माणसांच्या शहरात येतो आणि तिथे पिंजऱ्यात पडतो. गोष्ट करुण असूनही चाल अगदी हलकीफुलकी ठेवली आहे, आणि तिथे कॉलिन्सचा साधा, गोड गळा फार शोभतो. गेब्रियलने हे गाणं गायलं असतं तर त्याच्या खरखरीत, नाट्यमय आवाजाने ते अंगावर आलं असतं.

शेवटची 'लॉस एन्डॉस' ही वाद्यरचना. तिच्यात 'डान्स ऑन अ व्होल्केनो' आणि 'स्क्वाँक' यांचे तुकडे परत येतात, पण कॉलिन्सने खाली घातलेली लय लॅटिन अमेरिकन वळणाची आहे, सांतानाच्या संगीताची आठवण करून देणारी. रचना विरत जाताना अगदी पुसटसा कॉलिन्सचा आवाज येतो आणि त्यात 'सपर्स रेडी'तले काही शब्द असतात. सोडून गेलेल्या मित्राला केलेला तो नमस्कार आहे, असं मानलं जातं.

या अल्बमवर प्रथमच प्रत्येक गाण्याखाली त्याच्या रचनाकारांची नावं छापली गेली. आठही गाण्यांखाली बँक्सचं नाव आहे, कुठे एकट्याचं, कुठे इतरांबरोबर. सगळं गेब्रियलच करत होता असं मानणाऱ्यांना उत्तर द्यायला एवढी यादी पुरेशी होती. ब्रिटनमध्ये अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. गेब्रियलचा शेवटचा 'लॅम्ब' दहाव्यावर थांबला होता.

स्टुडिओ वेगळा आणि रंगमंच वेगळा. कॉलिन्स पुढे आला की ड्रमवर कोण बसणार? 'येस' आणि 'किंग क्रिमझन' गाजवलेला बिल ब्रुफर्ड १९७६ च्या दौऱ्यापुरता आला, आणि मार्चच्या अखेरीस कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरात कॉलिन्स गायक म्हणून प्रथम लोकांसमोर उभा राहिला. त्याला धास्ती गाण्याची नव्हती. दोन गाण्यांच्या मधे बोलायचं काय, याची होती. गेब्रियलच्या गूढ कथांची नक्कल त्याने केली नाही. शेजारच्याशी बोलावं तसा तो बोलला, डफ घेऊन नाचला, आणि वाद्यांचा भाग आला की मागे जाऊन ब्रुफर्डच्या जोडीने ड्रमवर बसला. ज्या रिकाम्या मिनिटांसाठी गेब्रियलला मुखवटे लागले होते, ती मिनिटं कॉलिन्सने वाजवून भरली. पुढच्या वर्षापासून दौऱ्यांत चेस्टर थॉम्पसन ड्रमवर आला, आणि त्या दोघांची जुगलबंदी कित्येक वर्षं चालली.

गायक बदलल्यावर असं दर वेळी जमत नाही. १९८० मध्ये 'येस'मधून जॉन अँडरसन गेला आणि त्याच्या जागी 'द बगल्स'चा ट्रेव्हर हॉर्न आला. 'ड्रामा' हा अल्बम भरदार आहे, ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावरही गेला. पण दौऱ्यात अँडरसनच्या उंच पट्टीतली जुनी गाणी रोज गाताना हॉर्नच्या गळ्याची दमछाक झाली आणि पुढच्या वर्षी बँडच फुटला. 'मॅरिलियन'ची गोष्ट निराळी. १९८८ मध्ये गायक फिश गेल्यावर आलेला स्टीव्ह हॉगर्थ स्वतःची गाणी घेऊन आला. 'सीझन्स एंड' या १९८९ च्या अल्बममधलं 'ईस्टर' हे त्याने बरोबर आणलेल्या सामग्रीतलं. त्याने फिशसारखं गायचा प्रयत्न केलाच नाही, आणि तो आजही त्या बँडचा गायक आहे. म्हणजे बाहेरचा माणूस चालत नाही असं नाही, पण मग त्याच्या हाती गाण्याच्या जडणघडणीतला वाटा असावा लागतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते खुद्द 'जेनेसिस'च्या पुढच्या इतिहासात. हॅकेट १९७७ मध्ये बाहेर पडला, तिघे उरले, संगीत हळूहळू पॉपकडे झुकलं आणि यश अफाट वाढलं. जुलै १९८६ मध्ये त्यांचं 'इन्व्हिजिबल टच' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. तिथून त्याला खाली खेचलं ते गेब्रियलच्या 'स्लेजहॅमर'ने. १९९६ मध्ये कॉलिन्सही गेला. बँक्स आणि रदरफर्ड यांनी 'स्टिल्टस्किन' या बँडमधल्या रे विल्सनला आणलं आणि १९९७ मध्ये 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' काढला. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत चोपन्नच्या वर सरकला नाही, आणि तिथला दौरा रद्द करावा लागला. विल्सनवर खापर फोडणं अन्यायाचं आहे. त्याचा जाडसर, काहीसा खिन्न आवाज उत्तम आहे, गेब्रियलची जुनी गाणी तर त्याने फार ताकदीने गायली. पण गाणी बहुतांशी आधीच लिहिलेली होती. केवळ तीन रचनांमध्ये त्याचा हात लागला. शिवाय १९७५ मध्ये बँडने एक गायक गमावला होता. १९९६ मध्ये गायक गेला, ड्रमर गेला आणि तालमीत हे कापा, हे ठेवा असं सांगणारा कानही गेला. ड्रमसाठी दोन पाहुणे वादक बोलवावे लागले. तालाचा तो जुना पाया नसताना बँक्सचे लांबलचक स्वरसमूह अधांतरी वाटतात.

ज्यांना हे स्वतःच्या कानाने ताडून पाहायचं असेल त्यांनी 'ट्रिक ऑफ द टेल'पाशी न थांबता पाच वर्षं मागे जावं. 'नर्सरी क्राइम'मधलं 'हॅरल्ड द बॅरल' लावावं, हेडफोन घालून. तीन मिनिटांचं, भरधाव, अनेक पात्रांच्या तोंडी संवाद असलेलं गाणं आहे. ते गेब्रियल आणि कॉलिन्स दोघांनी मिळून गायलं आहे. पहिल्यांदा ऐकताना एकच माणूस गातोय असं वाटतं. दुसऱ्यांदा ऐकताना दोन गळे वेगळे ओळखता येऊ लागतात. त्यानंतर 'स्क्वाँक' ऐकावं. त्यातला आवाज नवा वाटणार नाही.